गोळीवरचा कोट

तिला फॅक्टरीत कोणी नावाने हाक मारत नसे. गेटवरच्या वॉचमनपासून वरच्या मजल्यावरच्या साहेबांपर्यंत सगळ्यांसाठी ती कोटवाली. कोट म्हणजे अंगात घालायचा नव्हे, गोळीवर चढवायचा. औषधाच्या गोळ्यांवर कोट चढवण्यात तिचा जन्म गेला होता, आणि त्या जन्मात तिला सर्वांत जास्त वैताग कशाचा आला असेल, तर आपलं कोणी ऐकत नाही याचा. हे ती दिवसातून इतक्यांदा म्हणायची, की आता तेही कोणी ऐकत नव्हतं.

सुरुवात तिने पॅकिंगमध्ये केली होती, पट्ट्या खोक्यात भरायच्या कामावर. तिथे तिचं कोणाशी पटेना. शेजारणी गप्पांच्या नादात खोकं अर्धवट भरून पुढे ढकलायच्या, हिचं डोकं फिरायचं, आणि रोज भांडण. शेवटी सुपरवायझरने कंटाळून तिला कोटिंगच्या खोलीत पाठवलं, कारण तिथे भांडायला फारसं माणूसच नव्हतं. होता तो एक भलामोठा पॅन. आडवा ठेवलेला, गरगर फिरणारा स्टीलचा ढोल. त्यात गोळ्या ओतायच्या, फवारा मारायचा, गरम हवा सोडायची. फवारा जास्त झाला की गोळ्या एकमेकींना चिकटून जुळ्या होतात, हवा जास्त झाली की कोट अंगावर बसण्याआधीच वाळतो आणि गोळी खरूज झाल्यासारखी खरखरीत दिसते. तिथल्या म्हाताऱ्या ऑपरेटरने हे सगळं तिला शिकवलं, आणि जाताना साहेबांना सांगून गेला, की ही बाई पॅनशी भांडते, पण पॅन तिचं ऐकतो. पॅन ऐकायचा हे खरंच होतं.

साध्या कोटाचं तिला फारसं कौतुक नव्हतं. रंग दिसावा, कडू चव जिभेला लागू नये, एवढ्यापुरता तो. तिचा जीव होता दुसऱ्या कोटात. काही औषधं इतकी नाजूक असतात, की पोटातल्या आंबटाशी गाठ पडली की तिथेच नासतात. रक्तापर्यंत पोचतच नाहीत. त्यांना आतड्यापर्यंत सुखरूप नेऊन सोडावं लागतं. म्हणून त्यांच्यावर असा कोट चढवतात, जो आंबटात ढिम्म हलत नाही, आणि पोट ओलांडून आतड्यात गेल्यावर, जिथे आंबटपणा संपतो, तिथे आपला आपण सुटतो. मग औषध मोकळं होऊन रक्तात जातं. इवलीशी गोळी, पण कुठे कोट ठेवायचा आणि कुठे काढायचा हे तिला माणसांपेक्षा बरं कळतं, असं कोटवाली म्हणायची.

आणि माणसं काय करायची? माणसं गोळीचं काहीही करतील, फक्त सरळ गिळणार नाहीत. तिची जाऊ चमच्याच्या पाठीने गोळी कुटून मधात कालवायची. शेजारचे काका अर्धी आज, अर्धी उद्या असे तुकडे पाडायचे. एकदा बसमध्ये बाजूच्या सीटवरच्या अनोळखी बाईने पट्टीतून गोळी काढली आणि सरळ दाताखाली फोडली. गोळी कोणती ते हिने पट्टीवरून ओळखलं होतं. कोट म्हणजे काय हे ती त्या बाईला पुढचे दोन-तीन स्टॉप समजावत बसली. मग ती बाई उतरून गेली, आणि तिला तिथे उतरायचं नव्हतं हे तिच्या चेहऱ्यावरून कोणालाही कळलं असतं.

घरी तर आनंदीआनंदच होता. ‘आज पॅनमध्ये काय झालं माहितेय का,’ असं म्हणून तिने सुरुवात केली की नवरा ‘हं’ म्हणायचा. तो ‘हं’ असा असायचा, की पुढचं भिंतीला सांगितलेलं बरं. अर्ध्यावर ती विचारायची, मी काय म्हटलं सांगा बघू. त्याला शेवटचे दोन शब्द तेवढे आठवायचे. मग ती भांडी आपटायची.

त्या दुसऱ्या कोटाची एक खोड होती. साध्या पाण्याने तो काही केल्या निघत नसे. पॅन धुवायला खाण्याच्या सोड्याचं पाणी लागायचं. सोड्यापुढे मात्र तो नांगी टाकायचा, आधी बुळबुळीत व्हायचा आणि मग सुटायचा. लेक रांगत होती तेव्हाची गोष्ट. कामावरून येऊन कोटवालीने तिला उचललं आणि पोरीने आईचं बोट तोंडात घातलं. नखात कोट अडकलेला होता आणि त्या दिवशी कोटात रंग होता. पोरीचे ओठ लाल झाले. झालं काहीच नाही, पण आईची पाचावर धारण बसली. दुसऱ्या दिवसापासून दाराशी सोड्याच्या पाण्याचं भांडं आलं. हात, घड्याळ, डब्याचं झाकण, सगळं त्यात बुडवल्याशिवाय आत यायचं नाही. नवऱ्याला समोर बसवून तिने दम भरला होता, आणि त्याच्याकडून ते परत म्हणूनही घेतलं होतं. नंतर लेक मोठी झाली, नोकरीसाठी लांब गेली, फॅक्टरीत हातमोजे आले आणि भांडं माळ्यावर गेलं. कोटवाली ते सगळं विसरूनही गेली.

नवऱ्याचं सलून गल्लीच्या तोंडाशी होतं. दोन खुर्च्या, एक मोठा आरसा, कोपऱ्यात बेसिन. गिऱ्हाईकं त्याला उस्ताद म्हणत. उस्तादांना स्वच्छतेचं वेड होतं. कात्री, कंगवा, वस्तरा एका डोक्यावरून दुसऱ्या डोक्याकडे जाण्याआधी औषधाच्या पाण्यातून निघालाच पाहिजे, मग गिऱ्हाईक कितीही घाईत असो. बोलणं कमी, आणि हात असा हलका की दाढी करता करता माणसं झोपी जात. कोटवालीचे केसही तोच कापायचा. दुकान बंद असलेल्या दिवशी तिला मोठ्या आरशासमोर बसवायचा, अंगावर कापड टाकायचा आणि मानेपर्यंत छाटून द्यायचा. लग्न झाल्यापासून तिच्या डोक्याला दुसऱ्या कोणाची कात्री लागली नव्हती. त्या वेळी ती बोलत नसे. चेहऱ्यावर केस पडत असताना तोंड उघडायची सोय नसते.

मग त्याचा हात बिघडला. साखरेचं दुखणं जुनंच होतं, त्याने हळूहळू नसांना इजा केली. आधी तळपाय जळायला लागले. मग उजव्या हातात मध्येच चटका बसल्यासारखं व्हायचं आणि हात दचकायचा. एका जुन्या गिऱ्हाइकाच्या कानाला वस्तरा लागला. ते बिचारे काही बोलले नाहीत, पण पुन्हा आलेही नाहीत. नवऱ्याने वस्तरा खाली ठेवला तो ठेवलाच. काही दिवसांनी कात्रीही नको म्हणायला लागला, नुसतं केस कापायचं मशीन फिरवून दुकान कसंबसं चालू ठेवलं. बायकोचे केस कापायची वेळ आली तेव्हा म्हणाला, दुसरीकडे जाऊन ये. ती गेली नाही. केस वाढत गेले, आणि फॅक्टरीच्या टोपीत कोंबताना ती रोज सकाळी चिडचिड करायची. चिडचिड केसांवर होती असं सगळ्यांना वाटत होतं.

डॉक्टरांनी नसांच्या दुखण्यावरची गोळी लिहून दिली. केमिस्टकडून पट्टी आली, तर ती हिच्याच फॅक्टरीची निघाली. तोच, आंबटात न सुटणारा कोट. पाठीमागचा बॅच नंबर तिने चष्मा लावून वाचला आणि तिला आठवलं, ही तिच्याच पॅनमधून निघालेली. तिला इतका आनंद झाला की तिने तो लपवायला नवऱ्याला उगाचच झापलं, की गोळी फोडायची नाही, चावायची नाही, कुटायची नाही. तो हं म्हणाला. सलून उघडल्यावर नाश्ता करून तो गोळी घ्यायचा, म्हणून पट्ट्या दुकानातल्या खणातच राहायच्या. गिऱ्हाइकांना दाखवायचा, आमच्या घरातल्या बाईंनी केलेली गोळी आहे ही.

गोळी लागू पडली नाही. डॉक्टरांनी थोडे दिवस वाट पाहिली, डोस वाढवला, पुन्हा वाट पाहिली. हात दचकायचा तो दचकतच होता. शेवटी डॉक्टर म्हणाले, पुढच्या भेटीपर्यंत फरक नाही पडला तर दुसरं औषध सुरू करू, फक्त त्याने गुंगी येते, धारदार वस्तू हातात धरायची नाही. म्हणजे सलून संपलं. बाहेर येऊन नवरा एवढंच म्हणाला, की शेजारचा मोबाइलवाला किती दिवस मागे लागलाय, भिंत पाडून दोन्ही गाळे एक करू म्हणतोय, देऊन टाकू. कोटवालीने रस्ताभर त्याची खरडपट्टी काढली. तो ऐकत चालला, म्हणजे चालला.

घरी तिने उलटतपासणी घेतली. गोळी वेळेवर घेता का? घेतो. फोडता का? नाही. चावता का? नाही. चहाबरोबर घेता का? पाण्याबरोबर घेतो. लेकीनेही फोनवर हेच सगळे प्रश्न विचारले आणि तीच उत्तरं मिळवली. माणूस खोटं बोलणारा नव्हता, हीच तर पंचाईत होती. मग उरलं काय? उरला कोट. कोटवालीच्या मनात आलं आणि ते मन सोडेना, की त्या दिवशी माझंच काहीतरी चुकलं असेल. कोट पातळ बसला असेल, कुठे चीर गेली असेल, आणि माझ्या नवऱ्याचं औषध रोज त्याच्या पोटात माझ्या हातून नासत असेल. ही शंका ती कोणाशी बोलू शकेना. तिला जेवण जाईना. पॅनसमोर उभी राहिली की ती दहादा फवारा तपासायची, आणि मदतनिसांच्या नाकात दम आणायची.

शेवटी तिने प्रयोगशाळेतल्या मॅडमना गाठलं. मॅडम वयाने लेकीएवढ्या, कामाला पक्क्या. प्रत्येक बॅचच्या थोड्या गोळ्या फॅक्टरीत राखून ठेवलेल्या असतात, त्यातल्या काढून त्यांनी परीक्षा लावली. काचेच्या भांड्यांत पोटातल्यासारखं आंबट पाणी, अंगाएवढं कोमट, आणि त्यात हलत राहणाऱ्या गोळ्या. कोटवाली शिफ्ट संपल्यावरही तिथेच उभी राहिली. गोळ्यांना ओरखडासुद्धा आला नाही. मग मॅडमनी पाणी बदललं, आतड्यातल्यासारखं केलं, आणि थोड्याच वेळात सगळ्या गोळ्या शहाण्यासारख्या सुटल्या.

“कोट उत्तम आहे, मावशी,” मॅडम म्हणाल्या. “आता पट्टीतून निघून तोंडात जाईपर्यंत तिचं काय होतं, ते बघा.”

“ते मी विचारलंय त्यांना. खोदून खोदून.”

“विचारलंत. पाहिलंत का?”

पाहिलं नव्हतं. याचाही तिला राग आला, आणि कोणावर काढावा ते न कळल्यामुळे ती दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकून सकाळीच सलूनवर गेली.

गिऱ्हाईक नव्हतं. नवरा बेसिनपाशी पाठमोरा उभा होता. आरशाखालच्या फळीवर स्वच्छ नॅपकिन पसरलेला, त्यावर एका बाजूला धुतलेले कंगवे वाळत होते, आणि दुसऱ्या बाजूला, तितक्याच टापटिपीने मांडलेल्या, गोळ्या. तिने एक उचलली. कोट चढलेल्या गोळीला एक तुकतुकी असते, ती तिला अंधारातही बोटाला कळली असती. ही गोळी खडूसारखी कोरडी होती. बेसिनमध्ये एक वाटी होती, वाटीत गढूळ पाणी, आणि नवरा त्यात पुढच्या गोळ्या सोडत होता.

“अहो, हे काय चाललंय?”

तो दचकला नाही. चोरी पकडली गेलेल्या माणसासारखा तर मुळीच दिसला नाही. “आठवड्याच्या गोळ्या धुवून ठेवतोय,” तो म्हणाला.

“गोळ्या धुताय? कशाने?”

“सोड्याच्या पाण्याने.” आणि मग, एवढंही कळू नये याचं नवल वाटून तो म्हणाला, “तूच तर सांगितलंयस. फॅक्टरीतून आलेलं काहीही सोड्याच्या पाण्यातून काढल्याशिवाय तोंडाशी न्यायचं नाही. बुळबुळीत लागलं की कोट सुटला समजायचं, मग पुसायचं. लाल ओठ झाले होते पोरीचे. आठवत नाही तुला?”

कोटवालीने तोंड उघडलं. जन्मभर साठवलेलं सगळं तिच्या जिभेवर आलं होतं, जावेच्या चमच्यापासून त्या बसमधल्या बाईपर्यंत. पण ती गिऱ्हाइकाच्या खुर्चीत मटकन बसली. समोर आरसा होता, त्यात टोपी नसल्यामुळे सुटलेल्या केसांची एक बाई दिसत होती. आपलं कोणी ऐकत नाही म्हणून या बाईने सगळ्यांचे कान किटवले होते. आणि इथे एक माणूस तिचं वाक्य इतकी वर्षं जसंच्या तसं सांभाळून होता, शब्दही न गाळता, दुखऱ्या हाताने दर आठवड्याला पाळत होता. ती ज्या कोटासाठी जगाशी भांडली, तो तिच्याच नवऱ्याने तिच्याच सांगण्यावरून पुसून टाकला होता. चिडावं तरी कोणावर? तिला रडू आलं, आणि रडू आल्याचाही तिला भयंकर राग आला.

“अहो, ते माझ्या हातांसाठी होतं,” ती शेवटी म्हणाली. “नखांसाठी. गोळीसाठी नव्हे. गोळीचा जीव त्या कोटातच आहे.”

त्याने बेसिनमध्ये वाटी उपडी केली, हात पुसले आणि तिच्यामागे येऊन उभा राहिला.

“मग धुवायच्या नाहीत?”

“नाही.”

“नक्की? मी विचारतोय, कारण तू एकदा सांगितलंस की मी तसंच करतो.”

“माहितेय,” ती म्हणाली. “आत्ताच कळलं.”

डॉक्टरांना सगळं सांगितलं तेव्हा ते आधी चिडले, मग त्यांनाही हसू आवरेना. वाढवलेला डोस थांबवून त्यांनी पुन्हा कमी डोसापासून सुरुवात केली, पट्टीतून थेट तोंडात. गुंगीच्या औषधाचं नाव निघालं नाही. चटके एकदम गेले नाहीत. पायांची आग आधी कमी झाली, मग हाताच्या दोन दचकण्यांमधलं अंतर वाढत गेलं. मोबाइलवाल्याने एकदा येऊन भिंतीचा विषय काढला, तेव्हा कोटवालीने त्याला भिंतीच्या पलीकडूनही ऐकू जाईल अशा आवाजात उत्तर दिलं. वस्तरा मात्र अजून खणातच होता, कारण उस्तादांची स्वतःवर भिस्त बसत नव्हती.

एका सुट्टीच्या दिवशी त्याने तिला दुकानात नेलं आणि खुर्चीवरचं कापड झटकलं. ती बसली. त्याने कात्री औषधाच्या पाण्यातून काढली, पुसली, आणि बराच वेळ नुसती धरून ठेवली. मग पहिली बट कापली. कात्री सरळ गेली. केस भरपूर साठले होते, कापडावर त्यांचा ढीग व्हायला लागला. आरशात ती त्याच्या हाताकडे बघत होती, आणि तिला दिसत होतं की तोही तिच्याकडे न बघता त्याच हाताकडे बघतोय.

मग त्याने तिची मान खाली वाकवली, तरी तिला राहवेना. एरवी या खुर्चीत गप्प बसणारी बाई, पण तिने सुरुवात केली, की कोट म्हणजे नेमकं काय, पोटात काय होतं, आतड्यात काय होतं, फवारा आणि हवा यांचं गणित कसं जमवावं लागतं, म्हातारा ऑपरेटर काय म्हणाला होता. नाकावर केस पडत होते, ते फुंकत ती सांगत राहिली. मध्येच त्याने हं म्हटलं, आणि ती जुन्या सवयीने थबकली.

“ऐकताय ना?”

कात्री थांबली. त्याने दोन बोटांनी तिची हनुवटी आरशाकडे वळवली.

“मान सरळ ठेव,” तो म्हणाला. “आणि जे काय सांगशील ते विचार करून सांग. मी ऐकतोय.”